ज्योत न लागलेला प्रश्न

"शेवटची पंगत उठली की आधी दारात जायचं, विभे. आपलं पान मांडायच्या आधी. दोन्ही अंगांना बघायचं आणि मोठ्यानं विचारायचं, कोणी जेवायचं राहिलंय का? ओ आली नाही तरी लगेच वळायचं नाही. लाजरं माणूस पहिल्या हाकेला ओ देत नसतं."

वडिलांचा, आप्पांचा, हा आवाज विभावरीच्या कानात घर करून बसला होता. धारूरच्या दत्तमंदिरातलं अन्नछत्र त्यांनी उभा जन्म सांभाळलं. आप्पा गेले, अन्नछत्र बंद झालं, त्या जागी गाड्यांच्या बॅटऱ्या भरायचं केंद्र आलं. पण नेम मोडायचा तिचा स्वभाव नव्हता. हाक मारायला दार उरलं नाही म्हणून तिनं दुसरं दार शोधलं. त्या दाराचं नाव ओसरी.

ओसरी म्हणजे तालुक्यातल्या बायकांनी आपापसात सुरू केलेली प्रश्नांची जागा. डोंगरातल्या खेड्यांत बाईमाणसाला डॉक्टर मिळणं दुरापास्त झालं होतं, तेव्हा चार जणी पुढे आल्या आणि फोनवर ही ओसरी मांडली. कुणीही यावं, नाव न सांगता विचारावं. नाव विचारायचंच नाही हा आग्रह विभावरीचा होता. "अन्नछत्रात जात विचारत नव्हते आप्पा," ती म्हणाली होती, "तर इथं नाव कशाला?" म्हणून ओसरीची बांधणीच अशी झाली की लिहिणारीचं नाव, नंबर, गाव काहीच कुठं साठत नसे. रोज दुपारी जेवायला बसण्याआधी विभावरी ओसरीच्या अगदी तळाशी जायची. ज्याला कुणीच उत्तर दिलं नाही असा शेवटचा प्रश्न शोधायची आणि जमेल तसं दोन ओळी लिहायची. माहीत नसलं तर लिहायची, "मला माहीत नाही गं बाई, पण मी वाचलंय." मग पान वाढून घ्यायची.

पुढे ओसरी मोठी झाली. आसपासचे तालुके जोडले गेले. एक आरोग्य न्यास पाठीशी उभा राहिला, उत्तरं लिहायला यंत्र आलं, ती उत्तरं तपासून मगच बाहेर सोडायला तीन डॉक्टर आले. प्रश्न मात्र मुंग्यांसारखे वाढले.

तेव्हा बैठक बसली. ओसरीचं यंत्र सांभाळणारी जुईली आघाव लातूरहून आली होती. केस कापलेले, बोलणं चटचट, पण मुलगी मायाळू.

"काकू, डॉक्टर तीन आणि प्रश्न हजारो," ती म्हणाली. "कुठला आधी बघायचा हे कुणी ठरवायचं? तुम्हीच ठरवा. प्रश्न वाचायचा, मोलाचा वाटला तर वाती लावायच्या. एक वात ते पाच वाती. ज्याची ज्योत मोठी तो वर, डॉक्टरांच्या समोर."

"हे बरंय," रंजना गित्ते म्हणाली. रंजना विभावरीची बालमैत्रीण, भजनी मंडळाचे टाळ आणि तोंड दोन्ही तिच्याच ताब्यात. "काल एकीनं विचारलं, भेंडी चिकट का होते. अगं, ओसरी आरोग्याची! उद्या विचारेल, नवरा चिकट का आहे!"

बायका खो खो हसल्या. हसू ओसरल्यावर विभावरी हळूच म्हणाली, "उत्तराला गुण देतात, तसे प्रश्नालाही द्यायचे? उपाशी माणसाला आपण विचारत नाही, तुझी भूक किती मोलाची."

"पण काकू, पंगतीला जागा चारच असल्या तर?" जुईलीनं विचारलं. तिचा आवाज उद्धट नव्हता, खरंच विचारत होती.

मतदान झालं. वाती आल्या.

यंत्राचं काम समजायला फारसं अवघड नव्हतं, आणि जुईलीनं ते सगळ्यांना समजावूनही सांगितलं. आधी यंत्र फक्त वाती मोजायचं. मग ते शिकलं की सगळ्यांचं मत सारख्या वजनाचं नसतं. जी बाई नेमानं वाचते, जिनं मोठी ज्योत लावलेले प्रश्न पुढे खरंच अनेकींच्या उपयोगी पडतात, तिच्या वातीला यंत्र जास्त वजन देऊ लागलं. विभावरी आणि तिचं भजनी मंडळ या बाबतीत सगळ्यांच्या पुढे होतं. रोजचा नेमच होता त्यांचा.

त्यानंतर यंत्र आणखी एक गोष्ट शिकलं. प्रश्न लिहितानाच त्याला किती वाती मिळतील याचा अंदाज ते बांधू लागलं. लिहिणारीच्या बोटांखाली एक छोटी ज्योत दिसायची. शब्द नेटके पडले की ती उंच व्हायची, भरकटले की मिणमिणायची. सगळ्यांना ते फार आवडलं. किती सुंदर, समईच जणू, असं विभावरीलाही वाटलं होतं.

पोरी आता तोंडानं विचारण्याआधीही ज्योत बघू लागल्या. शेजारच्या मिथिलानं एकदा अंगणातून हाक मारली, "काकू, गरोदरपणात चिंच..." आणि मध्येच फोनकडे बघून हसली. "जाऊ द्या. अर्धीच वात दाखवतंय. सगळ्यांना माहीत असेल, मलाच नाही."

"अगं, मग विचार की मला!"

"नको, उगीच कशाला."

आषाढ आला. चातुर्मासात दरवर्षी मंडळातल्या बायका मिळून एक नेम धरत. कधी वांगं सोडायचं, कधी पायात चप्पल घालायची नाही. त्या वर्षी विभावरीनं सुचवलं, "यंदा कुणाला उणं म्हणायचं नाही. वाणीनं नाही, बोटानंही नाही. ओसरीवर एक किंवा दोन वाती लावायच्याच नाहीत. आवडला प्रश्न तर भरभरून लावू. नाही आवडला, तर मुकाट्यानं पुढे जाऊ."

"म्हणजे भेंडीवालीलाही काही म्हणायचं नाही?" रंजनानं डोळे मोठे केले.

"नाही म्हणायचं."

"कार्तिकी एकादशीला सगळं व्याजासकट म्हणेन मग," रंजना म्हणाली, आणि नेम धरला. चाळीसेक बायकांनी धरला. कुणाचं वाईट चिंतू नये, एवढाच त्यात हेतू होता. देवाला साक्ष ठेवून सांगावं इतका तो शुद्ध होता.

विभावरीचा मुलगा अद्वैत समुद्रातल्या पवनचक्क्यांवर कामाला होता. महिनोन् महिने तिकडेच असायचा. सून शर्वरी वैशाखात बाळंत झाली, मुलगी झाली. तिला सगळे चिमी म्हणत. शर्वरीला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. विभावरीनं काही कमी पडू दिलं नाही. डिंकाचे लाडू, शेक-शेगडी, बाळाची टाळू भरणं, सारं यथासांग. शर्वरी तिनं सांगितलेलं ऐकायची, वाढलेलं खायची. जरा गप्प असायची, पण ती मुळातच कमी बोलायची. आणि विभावरीला गप्प माणसं आवडत.

श्रावणातला एक सोमवार. सोमवारी दुपारी बारापर्यंत विभावरीचं मौन असे, लग्नाआधीपासूनचं. ती देवापुढे बेल निवडत बसली होती. शर्वरी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. चिमी आत रडत होती, आणि शर्वरीचं तिकडे लक्षच नव्हतं.

"आई, एक विचारू?"

विभावरीनं मान वर केली, प्रेमानं हसली आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. बारा वाजू दे. मग हातानंच खूण केली, बाळ रडतंय, बघ.

शर्वरीनं घड्याळाकडे पाहिलं. "हो," म्हणाली, आणि वळली.

बारानंतर विभावरीनं आठवणीनं विचारलं, "काय गं, काय विचारत होतीस?"

"काही नाही, आई."

"अगं, सांग की."

"विसरले."

मग उपासाच्या फराळाआधी विभावरी नेमाप्रमाणे ओसरीवर गेली. हल्ली तळाशी जाता येत नसे. यंत्रच प्रत्येकीपुढे वाचायला प्रश्न मांडायचं. त्या दिवशी मांडलेल्या प्रश्नांत एक असा होता:

"बाळ रडतं तेव्हा मला ते उचलावंसं वाटत नाही. ते कुणा दुसऱ्याचं आहे आणि मी सांभाळायला बसले आहे असं वाटतं. कधी वाटतं, ते माझ्याकडे बघून सगळं ओळखतं. हे कधी थांबतं? कुणाला असं झालं आहे का?"

विभावरीच्या अंगावर काटा आला. काय बाई ही! लेकराबद्दल असं लिहवतं तरी कसं? एक वात लावावी, खाली दोन शब्द सुनवावेत असं तिच्या अगदी बोटाशी आलं. मग नेम आठवला. कुणाला उणं म्हणायचं नाही. तिनं डोळे मिटून देवाचं नाव घेतलं, त्या बाईला सद्बुद्धी दे म्हणाली, आणि मुकाट्यानं पुढे गेली. राग गिळता आला याचं तिला समाधान वाटलं. त्या दुपारी उपासाची भगर तिला गोड लागली.

भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या. घर पाहुण्यांनी आणि पुरणानं भरलं. जेवणं उरकल्यावर विभावरी दारात गेली. सणासुदीला ती अजून खरोखरची हाक मारत असे. "कोणी जेवायचं राहिलंय का?" गल्ली शांत होती. मागे, आतल्या खोलीत, शर्वरी जेवायची राहिली होती, हे तिला संध्याकाळी भांडी घासताना कळलं. झाकून ठेवलेलं पान तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी मंदिरात भजन चाललेलं असताना शर्वरी आत आली. रंजनाच्या मांडीवर चिमीला ठेवलं, म्हणाली, "मावशी, जरा धरता का?" रंजनानं टाळ बाजूला ठेवून बाळ घेतलं. भजन संपलं, आरती झाली, प्रसाद वाटून झाला. शर्वरी परत आली नाही.

ती सापडली तिसऱ्या दिवशी, घाट उतरून पलीकडच्या एका खेड्यात, पाण्याच्या उंच टाकीच्या खांबांमध्ये बसलेली. पाय सोलवटले होते. ओठ फुटले होते. ज्या गुराख्याला ती दिसली तो म्हणाला, "बाई कुनाला तरी हुडकत हुती. वस्तीवर वस्ती हिंडली म्हनं. ज्या त्या टाकीखाली जाऊन बघायची."

जिल्ह्याच्या इस्पितळात तिला ठेवलं. डॉक्टर तहसीन नावाच्या शांत बाई होत्या. त्यांनी विभावरीला समोर बसवून सगळं सांगितलं. बाळंतपणानंतर काही जणींचं मन असं अंधारात जातं. त्यात त्यांचा दोष नसतो, त्यांच्या मायेचाही नसतो. शरीरातल्या रसांची उलथापालथ, झोप नाही, आणि सांगायला कुणी नाही. वेळेवर कळलं तर औषध आणि बोलणं एवढ्यावर निभावतं. नाही कळलं तर क्वचित भास सुरू होतात, माणूस माणसात राहत नाही.

"बरी होईल ना?" विभावरीनं विचारलं.

"जिवंत राहील. पूर्वीची शर्वरी किती परत येईल, ते मी नाही सांगू शकत. तिनं कुणाला काही विचारलं नव्हतं का? या बायका बहुतेक वेळा एकदा तरी विचारतात."

शर्वरीचा फोन विभावरीच्या पिशवीत होता. अद्वैत उद्या पोचणार होता, त्याला द्यायला म्हणून तिनं तो बाहेर काढला आणि पडद्यावर ते दिसलं. शर्वरीनं ओसरीच्या पानाचा फोटो काढून ठेवला होता. तोच प्रश्न. त्याच ओळी. ज्योतीच्या जागी धुराची एक बारीक रेघ. आणि खाली कुणा दुसरीनं लिहिलेलं:

"ताई, मला पण. सगळे म्हणतात नजर लागली. मी आमच्या गावच्या निळ्या टाकीखाली जाऊन बसते, तिथं पंपाच्या आवाजात रडणं ऐकू येत नाही. तुम्हाला कुणी उत्तर दिलं तर मला पण सांगा."

विभावरी इस्पितळाच्या बाकावर जाऊन बसली. समोरच्या खिडकीत कावळा येऊन गेला. तिच्या मनात एकच गोष्ट फिरत होती. घड्याळाकडे दाखवलेलं आपलं बोट, आणि त्यानंतर तासाभरात प्रश्न सरकवून पुढे गेलेलं तेच बोट.

जुईली स्वतःहून घरी आली. तिनं यंत्राच्या आत बघून घेतलं होतं. चहा पुढे ठेवला तरी कपाला हात लावला नाही.

"काकू, यंत्र बिघडलेलं नाही," ती म्हणाली. "बिघडलेलं असतं तर बरं झालं असतं."

"तो प्रश्न खाली कसा गेला? आम्ही कुणी त्याला कमी वाती नाही लावल्या. आमचा नेम होता."

"तेच तर." जुईलीनं डोळे पुसले. "तुम्ही बालवाडीत मदतनीस होतात ना? कधीतरी येणारं पोर आलं नाही तर तुमच्या लक्षात यायचं नाही. पण रोज हजर असणारं पोर एक दिवस आलं नाही तर?"

"लगेच कळायचं."

"यंत्रालाही तसंच कळतं. तुमचं मंडळ जवळजवळ प्रत्येक प्रश्नाला ज्योत लावतं, तीही मोठी. मग ज्या प्रश्नावर तुम्ही सगळ्याच गप्प राहिलात, त्या गप्प राहण्याचा अर्थ यंत्रानं लावला. एका वातीपेक्षाही खालचा. त्याला वाटलं, हा प्रश्न इतका निरर्थक आहे की इतक्या दयाळू बायकांनाही इथं थांबावंसं वाटलं नाही."

विभावरी पाळण्याची दोरी ओढत राहिली.

"तुम्ही चिडून एक वात लावली असती ना, काकू, दोन शिव्या लिहिल्या असत्या, तरी तो वादाचा प्रश्न म्हणून डॉक्टरांपुढे गेला असता. वाद झाला की यंत्र माणसाला बोलावतं. शांतता झाली की ते दार लावून घेतं."

बाहेर सीताफळं विकणारी ओरडत गेली. चिमी पाळण्यात हात हलवत होती.

"आता वर आण तो," विभावरी म्हणाली. "तुझ्या हातात आहे ना?"

"प्रश्न राहिलाच नाही. पंधरवडाभर ज्योत लागली नाही की तो काढून टाकतात. त्याखालचंही सगळं जातं. आणि यंत्र उरलेल्या प्रश्नांवरच पुढचं शिकतं, त्यामुळे असा प्रश्न असतो हेच ते आता विसरलंय."

"आणि ती दुसरी? टाकीवाली?"

"नाव, गाव आपण ठेवतच नाही." जुईलीनं मान खाली घातली. तो आग्रह कुणाचा होता ते दोघींनाही माहीत होतं.

विभावरी तरी स्वस्थ बसली नाही. दुसऱ्या दिवशी तिनं ओसरी उघडली आणि स्वतःच तो प्रश्न लिहायला घेतला. बाळाबद्दल माया वाटत नाही, असं ज्या बाईला होतं तिनं काय करावं? बोटांखालची ज्योत कापत कापत विझली. खाली अक्षरं उमटली: "असा प्रश्न सहसा विचारला जात नाही. तरीही पाठवायचा आहे का?"

तिनं पाठवला. त्याला आपल्याच फोनवरून पाच वाती लावल्या. मग रंजनाला फोन केला.

"अगं, वाचला मी," रंजना म्हणाली. "तूच लिहिलास होय? मला वाटलं, कोण ही कजाग."

"मग वाती लाव ना. मंडळातल्या सगळ्यांना सांग. वर यायला पाहिजे तो."

"विभे, शर्वरीचं झालं ते वाईटच झालं. माझ्या मांडीवर पोर ठेवून गेली गं ती, मला अजून जेवण जात नाही. पण असलं सगळ्यांसमोर वर आणून कसं चालेल? पोरीबाळी वाचतात. उद्या म्हणतील, माया नसली तरी चालते."

"रंजना, नेम मी घातला होता. मी मोडते म्हणते."

"चातुर्मास संपू दे की. मोडायचा कशाला? आणि आपण काही वाईट म्हटलंय का कुणाला? मुकाट्यानं पुढेच गेलो ना?"

विभावरीनं आणखी पाच-सात जणींना फोन केला. सगळ्या हळहळल्या, सगळ्यांनी चिमीची चौकशी केली. कुणी वात लावली नाही. दोन दिवसांनी तिच्या ओसरीवर सूचना आली की तिची पसंती आता इतरांशी जुळत नसल्यामुळे तिच्या वातीचं वजन कमी केलं आहे. जुईलीनं न्यासाकडे अर्ज केला. न्यासाचं उत्तर मृदू होतं: सदस्यांनी मतदानानं निवडलेली पद्धत आहे, आता ती साऱ्या विभागात लागू होत आहे, समाधानाचं प्रमाण उत्तम आहे. ते खरंही असावं. ज्यांचं समाधान झालं नव्हतं त्या आता काही विचारतच नव्हत्या.

आश्विनात विभावरी पुन्हा इस्पितळात गेली. अद्वैतनं रजा वाढवून घेतली होती. तो दारात उभा होता, दाढी वाढलेली. "आई, चिमीला दाखवलं तिला," म्हणाला. "हे कुणाचं बाळ, म्हणून विचारलं."

शर्वरी खिडकीशी बसली होती. केस विंचरलेले, हात मांडीवर. विभावरीनं शेजारी बसून तिचा हात हातात घेतला. क्षमा मागावी म्हणून ती शब्द जुळवून आली होती. ते बाजूला ठेवून तिनं विचारलं.

"शर्वरी, तुला काही विचारायचं होतं ना गं माझ्याजवळ? आता विचार."

विभावरी थांबली. लाजरं माणूस पहिल्या हाकेला ओ देत नसतं.

मग शर्वरीनं खिडकीतून नजर न काढता, आवाज कुठल्या तरी खोल विहिरीतून यावा तसं विचारलं, "ती सापडली का?"

"कोण गं?"

"टाकीखालची." तिचा अंगठा विभावरीच्या तळहातावर फिरला, प्रश्न वर सरकवावा तसा. "तिनं सांगितलं होतं, उत्तर आलं तर मला पण सांगा. तिला कुणी सांगितलं का?"

"मी सांगते," विभावरी म्हणाली. "मी शोधते तिला. शब्द देते."

शर्वरीनं मान हलवली. ऐकलं म्हणून, की हात सोडवायचा म्हणून, ते कळलं नाही. त्यानंतर ती त्या दिवशी बोलली नाही, आणि पुढच्या खेपेलाही नाही.

येताना डॉक्टर तहसीननी औषधांची नावं आणि त्यांचा स्वतःचा नंबर कागदावर लिहून दिला. "पण त्या बाईचं बाळ तेव्हा केवढं होतं, काही माहीत आहे? दोन महिने होऊन गेलेत." त्यांना म्हणायचं होतं ते विभावरीला कळलं. दोन महिन्यांत शर्वरीचं काय झालं, ते समोरच होतं.

सोमवार उजाडला. विभावरीनं अंघोळ केली, देवापुढे दिवा लावला. चिमीला दूध पाजलं, अद्वैतच्या हातात दिलं. डॉक्टरांचा कागद घडी करून कनवटीला लावला. ओट्यावर रात्रीची भाकरी होती, ती तशीच झाकून ठेवली. आज आधी दारात जायचं होतं.

बसस्थानकावर घाटाखाली जाणारी बॅटरीची गाडी आवाज न करता उभी होती. आत चारदोन माणसं, एक शेळीचं पिल्लू. विभावरी पुढच्या बाकावर टेकली. कंडक्टर बाई होती, तिशीची, चेहरा उन्हानं रापलेला.

"मावशी, कुठं जायचं?"

घड्याळात नऊ वाजले होते. मौन सुटायला अजून कितीतरी अवकाश होता. कळायला लागल्यापासून कुठल्याच सोमवारी बाराच्या आत विभावरीच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. बापाच्या मरणाच्या दिवशीही नाही. कंडक्टर वाट बघत उभी होती.

"ज्या गावात पाण्याची निळी टाकी आहे," विभावरी म्हणाली, "तिथलं तिकीट द्या." आवाज घोगरा निघाला.

कंडक्टर हसली. "मावशी, योजनेतल्या टाक्या हाएत त्या. घाटाखाली समद्याच गावात निळ्याच हाएत की. कितीक गावं, मोजून सांगता यायची न्हाईत. कोणतं गाव ते तरी सांगा."

विभावरीनं खिडकीतून पाहिलं. उतारावर दूरवर, धुक्यातून एकेक टाकी वर येत होती. निळी, आणि तिच्यापलीकडे निळी, आणि तिच्याही पलीकडे.

"मग पहिल्या गावाचं द्या," ती म्हणाली.